पिठातले मोबाइल

"इंटरनेट जबाबदारीने कसं वापरायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. तेच तर मी शिकवणार आहे!" असं भावी बाईंनी घरात जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या हातात पाठाचं टाचण होतं आणि चेहऱ्यावर निकाल आधीच लागल्याचं तेज होतं. शिक्षिका व्हायला आता एकच सराव पाठ उरला होता. सातवीचा वर्ग, पस्तीस मिनिटं, मागच्या बाकावर निरीक्षक सर. सरांची सही मिळाली की 'भावी बाई' हे घरातलं चिडवायचं नाव सुटणार. नाही मिळाली, तर आणखी एक वर्ष त्याच नावाने हाका!

विषय होता 'आधी खात्री, मग पुढे'. आता हे नुसतं बोलून काय शिकवणार? मुलं जांभया देतात. म्हणून बाईंनी शक्कल लढवली. एक अफवा आपणच सोडायची, अगदी गरीब स्वभावाची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती किती फिरते ते बघायचं आणि वर्गात एकदम बिंग फोडायचं! शुक्रवारी दुपारी त्यांनी लिहिलं, 'मोबाइल रोज तासभर पिठाच्या डब्यात पुरून ठेवा. पीठ उष्णता शोषतं, बॅटरी तीन दिवस चालते.' आणि पाठवलं फक्त मावशीला.

"एकटीलाच पाठवलंस ना?" आईने विचारलं.

"हो गं, एकटीलाच!"

"मावशीला सांगितलं म्हणजे एकटीला सांगितलं, असं झालंय का कधी?"

पण ऐकतंय कोण! बाई टाचण लिहिण्यात दंग होत्या. पायरी पाचवी: बिंग फोडणे. विद्यार्थ्यांचा अपेक्षित प्रतिसाद: हशा.

सोमवारी निरीक्षक सर दहा मिनिटं उशिरा आले. घामाघूम झालेले, बोटं पांढरी, शर्टाचा खिसाही पांढरा. खडू असेल, बाई मनाशी म्हणाल्या. मास्तरांच्या अंगावर दुसरं काय असणार?

"करा सुरुवात. मी वेळ लावतो," म्हणत सरांनी मोबाइल बाकावर ठेवला. त्याच्या भोकांतून चिमूटभर पीठ बाकावर सांडलं. खडू नव्हता तर!

आता दुसरा दाखला कुठून आणणार? मेसेज मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद फळ्यावर आधीच लटकत होता! बाईंनी कसंबसं विचारलं, "हा कुणाकुणाच्या घरी आला होता?"

हातांचं रानच उगवलं. "माझ्या आजीने दोन पुरले!" "आमच्या बाबांनी टीव्हीचा रिमोटपण पुरला, मॅडम!" वर्ग खिदळत होता आणि मागच्या बाकावरही एक पांढरा हात वर होता.

"मलाही आला," सर म्हणाले. "तेव्हापासून याचा आवाज येत नाही. आज सकाळी मी निघाल्यावर आमच्या आईच्या मागे दार लागलं, ती बाहेरच अडकली, किल्ली माझ्याजवळ. ती शेजारून फोन करत राहिली, मला ऐकूच आला नाही. ऐंशी वर्षांची बाई पाऊण तास पायरीवर बसून होती. मिस्ड कॉल दिसले तेव्हा परत गेलो, म्हणून उशीर झाला."

बाईंना टाचणातला 'हशा' आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची चष्मेवाली उभी राहिली. "मॅडम, पण हे पहिल्यांदा लिहिलं कुणी असेल हो?"

'कुणास ठाऊक' हे उत्तर अगदी ओठांवर होतं. किती सोपं! सही मिळाली असती, नाव सुटलं असतं. पण फळ्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'जे पाठवलं, त्याची जबाबदारी आपली.'

"मी," बाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. बाईंनी सरांची माफी मागितली. मग टाचण मिटून सगळं सांगून टाकलं. गंमत डोळ्यांसमोर होती, पायरीवरची आजी नव्हती, हेसुद्धा. मुलांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले, आणि घंटा झाली तरी एकही मूल जागचं हललं नाही.

वर्ग रिकामा झाल्यावर सरांनी वही उघडली. "पाठ चांगला झाला. टाचणात नव्हता तो भाग तर फारच. पण सही आज नाही."

"सर?"

"मेसेजखाली काय होतं, माहीत आहे? 'आमची भाची शिक्षिका आहे, तिने सांगितलंय.' अहो, म्हणून तर मी डबा उघडला! शिक्षिकेच्या शब्दावर विश्वास ठेवला मी. आता ज्या वाटेने खोटं आलं, त्याच वाटेने खरं माझ्यापर्यंत येऊ दे. आलं, की सही."

एवढंच ना! बाईंनी शाळेच्या पायरीवर बसूनच मावशीला लिहिलं, 'ते पिठाचं खोटं आहे. मीच रचलं होतं. ज्यांना ज्यांना पाठवलंस, त्या सगळ्यांना आत्ताच्या आत्ता कळव. पाया पडते!'

मावशीचं उत्तर लगेच आलं.

'असं कसं गं कुणाच्याही सांगण्यावरून पुढे पाठवू? आधी खात्री नको का करायला? तू अजून शिक्षिका कुठे झालीस!'