शंकररावांचा आकडा

अंबरनाथच्या आनंदनगरातल्या गॅस्केटच्या कारखान्यात शंकरराव रोज सकाळी संगणकाला उदबत्ती ओवाळत आणि मग कंपनीची वेबसाइट उघडत. ती त्यांनीच दोन हजार चार साली एका सीडीवरच्या सॉफ्टवेअरने बनवली होती. वर लाल अक्षरांत सरकणारा फोन नंबर. कोपऱ्यात 'काम चालू आहे' म्हणून फावडं मारणारा माणूस. वीस वर्षांत त्याचा खड्डा काही पुरा झाला नव्हता. तळाशी किती जणांनी साइट पाहिली त्याचा आकडा : ४८,२१२. आकडा वाढला का, हे शंकरराव दिवसातून आठेक वेळा साइट उघडून तपासत. दरवेळी तो वाढलेलाच असे.

मालक महिपतीशेठ यांची मुलगी राजसी पुण्याहून शिकून आली.

"काका, ही मोबाइलवर नीट दिसत नाही."

"धंदा काय रस्त्यात उभं राहून करायचा असतो?"

राजसीने उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून वेबसाइट बनवणाऱ्या भूपेशला आणलं. अतिदक्षता विभागातल्या पेशंटकडे बघावं तसा तो स्क्रीनकडे बघत राहिला.

"अंकल, ये सॉफ्टवेअर तो बनानेवाले भी भूल गये. आता नवीन सिस्टीम असते. दर आठवड्याला अपडेट मारायचा."

"म्हणजे दर आठवड्याला बिघडते."

"भांडू नका रे," महिपतीशेठ म्हणाले. "दोन्ही महिनाभर चालू ठेवा. जिला जास्त लोक बघतील ती ऱ्हाईल. दुसरी बंद."

त्या दिवशी शंकररावांनी डबा तसाच घरी नेला.

नवी साइट नाटकाच्या पडद्यासारखी उघडायची. हेल्मेट घातलेला एक गोरा माणूस ढगांकडे पाहून हसायचा. गॅस्केट कुठेच नव्हतं.

"आधी फील द्यायचा असतो," भूपेशने समजावलं.

महिनाअखेरीस निकाल लागला. जुनी दोनशे आठ, नवी सहाशे अकरा. शंकररावांनी खिशातून ती सीडी काढली आणि उगाच रुमालाने पुसली.

"आणि ही साइट कोण कुठून बघतो तेही सांगते," राजसी ऐटीत म्हणाली. तिने यादी उघडली आणि हळू आवाजात वाचली. चारशे वीस वेळा ह्याच कारखान्यातून. एकशे नव्वद वेळा कॅम्प पाचमधून. भूपेश पंख्याकडे बघू लागला.

"मग ऱ्हायले किती?"

"एक. वांगणीहून. पण पप्पा, तो चाळीस मिनिटं थांबला होता!"

"चाळीस मिंटं? अगं, हे खरं गिऱ्हाईक! वांगणीला कोण आहे आपल्या ओळखीचं?"

सगळ्यांच्या माना शंकररावांकडे वळल्या. ते वीस वर्षं वांगणीहूनच येत होते.

"मीच तो," ते म्हणाले. "एकदा दुसऱ्या दिवशी रजा हवी होती. कारखान्याचा फोन नंबर शोधत होतो."

"मिळाला?"

"जुनीवर मिळाला."

महिपतीशेठनी शब्द पाळला. जुनी साइट बंद झाली. मात्र नव्या साइटच्या माथ्यावर आता लाल अक्षरांत फोन नंबर सरकतो. भूपेश त्याला 'रेट्रो लुक' म्हणतो. तळाशी शंकररावांनी आकडाही बसवून घेतला आहे.

तो वाढला का, हे आता राजसी बघते. दिवसातून आठेक वेळा.