साळवे सरांचं फ्रेंच

संध्याकाळच्या गाडीनं जालन्याहून बदनापूरला उतरलो की माझ्यात घरापर्यंत चालण्याइतकाच जीव उरलेला असतो. तेवढाही शेजारचे साळवे सर त्यांच्या फाटकात काढून घेतात.

"थांबा! थोर माणूस म्हणायचंय. ‘ग्रां’ कुठं लावताल? माणसाच्या आधी का नंतर?"

दिवसभर कचेरीत लोकांची बोलणी खाऊन आलेल्या माणसाला थोरांशी काय देणंघेणं? पण सर सोडतील तर ना! "फ्रेंचमध्ये हे विशेषण आधी लावलं तर माणूस थोर. नंतर लावलं तर नुसता उंच. बराबर ध्यानात ठेवा." मग गल्लीतल्या एकेकाची वर्गवारी निघते. मला ‘पोव्ह्र’ लागतं. आधी लावलं तर बिचारा, नंतर लावलं तर खिशानं गरीब. महिनाअखेरीला सर मला ते दोन्हीकडून लावतात.

सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. ‘आन्सियां’ शिक्षकाच्या आधी लावलं तर माजी आणि नंतर लावलं तर पुरातन, असं ते एकदा समजावत होते. काकू आतून म्हणाल्या, "तुम्ही दोन्हीबी हायत."

हा सगळा खटाटोप नातीसाठी. मुलगा फ्रान्सात, सून तिकडचीच, आणि चिमुकल्या लीनाला मराठीचं अक्षर येत नाही. रविवारी सांजच्याला तिचा व्हिडिओ कॉल येतो. सर इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. नात दिसली की मनात वाक्य जुळवू लागतात. विशेषण आधी घ्यावं की नंतर, या विचारात ओठ नुसते हलतात. वाक्य तयार होईस्तोवर पोरगी खेळायला पळालेली असते.

काकूंना फ्रेंच येत नाही. त्या आपल्या भाकरी थापायला बसतात, आणि त्या आवाजाबरोबर लीना तिकडं टाळ्या वाजवत थांबते. सर फोन धरून उभे. नातीला ते दिसतच नाहीत.

मागच्या रविवारी काकू अंकुशनगरला बहिणीकडं गेल्या होत्या. मी जरा आडवा झालो होतो, तर सर दारात. "एकट्याला धीर होऊन न्हाई राह्यला. तुम्ही नुसता फोन धरा."

लीना आली. सरांचे ओठ हलू लागले. तिनं त्यांच्यामागं आजीला शोधलं, हवेत तळवे थापून दाखवले आणि उठलीच.

"थांब बाई, थांब!" सर चक्क मराठीत ओरडले. त्यांनी परात ओढली, पीठ ओतलं, भसकन पाणी घातलं आणि थापायला बसले. भाकर फाटली. जोडली, पुन्हा फाटली. शर्टाची पार रया गेली. "हे बघ, गेली! आजोबाला येईना गं माय! आजीला सांगू नको बरं!" पोरगी पोट धरून हसत होती. माझा हात भरून आला, पण फोन खाली करवेना.

कॉल संपला. सर परातीपाशीच बसून राहिले.

"एकबी शब्द फ्रेंच बोललो न्हाई ना मी?"

"नाही, सर."

"सगळं पाठ केल्तं हो." त्यांनी डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. "पण थांबली ना ती? माझ्यासाठी?"

"शेवटपर्यंत थांबली."

दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरलो तेव्हा पाय ओढवत नव्हते. फाटकात सर उभेच. हात पिठानं माखलेले.

"थांबा! पीठ आधी का पाणी आधी?"

मी पिशवी त्यांच्या ओट्यावर ठेवली आणि आत गेलो.