सोबत : टेबललॅम्प एक

माणसानं आयुष्यात निदान एका विषयात तरी तज्ज्ञ असावं. मी पत्रव्यवहारात आहे. गेली एकोणीस वर्षं आमच्या ऑफिसातलं आवक-जावक टेबल मी सांभाळतो. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी माझ्या हाताखालून जातो, त्यावर तारखेचा शिक्का बसतो, नंबर पडतो आणि मगच तो साहेबांकडे जातो. बाहेर जाणाऱ्या कागदाचंही तेच. मी पाठवलेल्या पत्राची पोच आली नाही, असं एकोणीस वर्षांत एकदाही झालेलं नाही. (साहेबांना हे ठाऊक आहे. बढतीच्या वेळी ते विसरतात, ते सोडा.) हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते माझ्या अज्ञानामुळे झालं, असा समज आमच्या घरात पसरलेला आहे. ते माझ्या ज्ञानामुळे झालं.

सुरुवात झाली आमच्या कन्येपासून. वय वर्षं नऊ, यंदा चौथीत, उंची बेताची, म्हणून तिला सगळे टिल्ली म्हणतात. तिची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे वर्गातली सगळ्यात उंच मुलगी. तिचं खरं नाव फक्त हजेरीत निघतं, एरवी सगळी शाळा तिला शिडी म्हणते आणि तीही खुशाल ओ देते. तिसरीपर्यंत या दोघी एका बाकावर बसायच्या. पण चौथीच्या बाई कडक आहेत आणि मुलांना उंचीप्रमाणे बसवतात, अशी बातमी सुट्टीतच आमच्या घरी येऊन धडकली. म्हणजे टिल्ली पहिल्या बाकावर, शिडी शेवटच्या, आणि मध्ये अख्खा वर्ग.

त्या दिवसापासून टिल्लीचं जेवणातलं लक्ष उडालं. नव्या दप्तराला तिनं हात लावला नाही. शाळा सुरू व्हायला चार दिवस राहिले तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला शिडीशेजारी बसवलं नाही तर मी शाळेत जाणार नाही." रडून म्हणाली असती तर मी तिची समजूत काढली असती. पण ती अगदी शांतपणे म्हणाली, तिच्या आईसारखी, आणि त्या सुरात बोललेली एकही गोष्ट आमच्या घरात आजवर रद्द झालेली नाही.

"बाबा बघतो," मी म्हणालो.

(हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले की बायको हातातलं काम टाकून बाहेर येते. कुठेही असली तरी येते.)

माझी योजना सरळ होती. शाळा सुरू होताना बाईंना एक छोटीशी भेट द्यायची. बाईंचं मन प्रसन्न होतं, आपली ओळख राहते, आणि मग जागेचा विषय सहज निघतो. बायको म्हणाली, याला लाच म्हणतात. मी म्हणालो, काम झाल्यावर देतात ती लाच, कामाआधी देतात ते स्वागत. (हे मला त्या क्षणी सुचलं. अजूनही बरं वाटतं.) ती म्हणाली, बाईंना भेटून दोन मिनिटं बोलते, तेवढं पुरे. मी तिला समजावून सांगितलं की तोंडी बोलणं हवेत विरतं, नोंद राहते ती कागदाची. त्यावर ती म्हणाली, "अहो, ज्या आईला काही देता येणार नाही, तिच्या मुलीनं त्या वर्गात कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"तिनं फळ्याकडे बघायचं," मी म्हणालो. चर्चा तिथे संपली. मी जिंकलो म्हणून संपली, असं मला तेव्हा वाटलं.

भेट काय द्यावी यावर मी दोन दिवस घालवले. पेन नको, त्याच पेनानं उद्या आमच्याच वहीवर लाल रेघा पडायच्या. फुलदाणी नको, ती लोक कपाटावर ठेवून विसरतात. शेवटी टेबललॅम्प ठरला. बाई संध्याकाळी वह्या तपासणार, लॅम्प लावणार, आणि दर वेळी बटण दाबताना त्यांना आमची आठवण होणार. बायकोनं विचारलं, बाईंच्या घरी दिवे नाहीत का. मी पिशवी घेऊन दुकानात गेलो.

रविवारी दुपारी लॅम्पच्या खोक्यावर लावायला चिठ्ठी लिहायला बसलो. 'सप्रेम भेट' एवढे दोनच शब्द लिहायचे होते. पण हाताला एकोणीस वर्षांचं वळण आहे, त्याला मी काय करणार? 'प्रति, वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी' असं त्यानं आपलं आपण लिहून टाकलं. प्रति आल्यावर विषय येतोच. 'विषय : दोन विद्यार्थिनींना शेजारी शेजारी जागा मिळणेबाबत.' विषय आल्यावर मजकूर आला. 'सोबत जोडलेल्या वस्तूचा स्वीकार करून उपरोक्त विषयी सकारात्मक निर्णय घ्यावा, ही विनंती.' खाली 'सोबत : टेबललॅम्प एक.' त्याखाली सही. आणि सहीखाली, आमच्या ऑफिसातून जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर असते तशी, शेवटची ओळ : 'प्रत माहितीसाठी सविनय सादर, मा. मुख्याध्यापिका.'

पत्र वाचून पाहिलं. एक काना इकडचा तिकडे नव्हता. दोन पाकिटं केली, एक बाईंसाठी, एक मोठ्या बाईंसाठी. तिसरी प्रत घरी ठेवायला काढली. लॅम्प टिल्लीच्या दप्तरात घातला, तिला एक छोटी वही दिली आणि सांगितलं, पाकीट ज्याचं त्याच्या हातात द्यायचं, वहीत पोचल्याची सही घ्यायची, आणि सही मिळाल्याशिवाय जागचं हलायचं नाही. टिल्लीनं मान डोलावली. पोर गुणाची आहे, सांगितलेलं तंतोतंत करते. (हे माझ्याकडून आलंय. त्याचा मला तेव्हा अभिमान होता.)

पहिल्या दिवशी मी मुद्दाम अर्धी रजा टाकून दुपारी घरी थांबलो. टिल्ली आली, दप्तर ठेवलं, वही माझ्या हातात दिली. दोन्ही सह्या होत्या. मोठ्या बाईंच्या सहीवर तर शाळेचा गोल शिक्कासुद्धा होता. आमच्या ऑफिसात इतक्या नीट शिक्का मारणारं कुणी नाही. मी खूश होऊन विचारलं, "मग? बसलात का शेजारी शेजारी?"

"सकाळी बसलो होतो," टिल्ली म्हणाली.

"आणि मग?"

"मग मधल्या सुट्टीत तुझं पत्र दिलं."

एवढं बोलून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. तिच्या डायरीत लाल शाईत दोन ओळी होत्या. आई-वडील दोघांनी उद्या मोठ्या बाईंना भेटावं. बायकोनं माझ्याकडून घरची प्रत मागून घेतली. उभ्यानं वाचली. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचली.

"मोठ्या बाईंना प्रत पाठवलीत?" तिनं विचारलं.

"माहितीसाठी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन बसलो. खोलीत मोठ्या माणसांसाठी एकच खुर्ची होती, ती बायकोनं घेतली. मला बालवर्गातली मिळाली. गुडघे हनुवटीला लागत होते, पण मी डगमगलो नाही. टेबलावर माझा लॅम्प खोक्यासकट होता आणि त्याशेजारी माझं पत्र. चौथीच्या बाई बाजूला उभ्या होत्या. कडक कडक म्हणून मी कुणीतरी धिप्पाड बाई डोळ्यांसमोर आणली होती. या तर टिल्लीच्याच चणीच्या निघाल्या, बाहीला खडू लागलेला.

मोठ्या बाई म्हणाल्या, शाळा सुरू झाली की दर वर्षी काही ना काही वस्तू येतात. बहुतेक कागदात गुंडाळलेल्या, कशाला दिल्या ते कुणी सांगत नाही. आम्ही त्या परत पाठवतो. "पण भेट कुठल्या कामासाठी आहे ते लेखी कळवणारे, आणि त्याची प्रत मला पाठवणारे पालक मी पहिल्यांदाच पाहिले."

"आभारी आहे," मी म्हणालो. बायकोनं मला कोपरानं ढोसलं.

मग चौथीच्या बाई बोलल्या. पहिल्या तासाला उंचीप्रमाणे रांग लावली तेव्हा टिल्लीनं हात वर केला. म्हणाली, मला शिडीशेजारी बसायचंय. बाईंनी विचारलं, का. तर म्हणाली, तिला वाकता येत नाही म्हणून मी तिच्या पडलेल्या वस्तू उचलते, आणि माझा हात पोचत नाही म्हणून ती माझं दप्तर खुंटीला लावते. बाईंना हसू आलं. दाराकडच्या रांगेत एकच बाक आहे, त्याच्यामागे कपाट. "कपाटाला फळा बघायचा नसतो," बाई म्हणाल्या, "म्हणून मी दोघींना तिथे बसवलं. सगळं ठीक होतं. मग मधल्या सुट्टीत हा लॅम्प आला."

पुढचं मोठ्या बाईंनी सांगितलं. आता दोघींना तिथेच राहू दिलं तर उद्या कुणीही म्हणेल की जागा लॅम्पवर मिळाली. तसं लेखी आहे, प्रत दप्तरी आहे, वर शाळेचा शिक्का आहे. तेव्हा कालपासून त्यांना वेगळं बसवलंय आणि वर्षभर तसंच बसवावं लागेल. आणि चौथीच्या बाई जरा हळू आवाजात मला म्हणाल्या, "तुमची भेट ठेवली तर तुमच्या मुलीला रागावताना मी दोनदा विचार करीन. आणि ज्यांनी काही दिलं नाही त्यांच्या मुलींना रागावताना करणार नाही. मला तसं व्हायचं नाहीये."

बायकोनं हे शाळा सुरू व्हायच्या आधीच सांगितलं होतं.

तेवढ्यात माझं दाराकडे लक्ष गेलं. दाराच्या काचेतून शिडी आत बघत होती, आणि तिच्या खांद्याजवळ टाचा उंचावलेल्या टिल्लीचे दोन डोळे दिसत होते. माझ्याकडे बघून तिनं हात हलवला नाही. माझ्या पोरीनं हात वर करून स्वतःचं काम स्वतः केलं होतं, चांगलं केलं होतं, आणि मी ते लॅम्पखाली घालून विझवलं होतं. मला लाज वाटली. एकोणीस वर्षांत साहेबांनी कितीदा झापलं असेल, पण अशी कधी वाटली नव्हती.

आणि लाज वाटत असतानाच माझ्या डोक्यातलं आवक-जावक टेबल जागं झालं.

"मोठ्या बाई," मी त्या चिमुकल्या खुर्चीतून उठलो (खुर्चीही माझ्याबरोबर उठली, ती बायकोनं काढली), "या विषयावर तुमच्याकडे दोन विनंत्या आल्यात. पहिली माझ्या मुलीची, तोंडी, पहिल्या तासाला. दुसरी माझी, मधल्या सुट्टीत. जी आधी आली ती आधी निकालात निघते. तिच्यावर निर्णय झाला होता, त्याप्रमाणे त्या बसल्याही होत्या, आणि त्या वेळी हा लॅम्प माझ्या मुलीच्या दप्तरात होता. माझ्या पत्राचा त्या निर्णयाशी संबंधच येत नाही."

"पण तुमच्या पत्राचं काय करू?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नामंजूर करा," मी म्हणालो. "स्पष्ट शेरा मारा. तारीख घाला. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर लॅम्पवर काही मिळालं नाही, हेही लेखी राहील."

मोठ्या बाईंनी चौथीच्या बाईंकडे पाहिलं. मग त्यांनी लाल पेन उघडलं, माझ्या पत्रावर आडवं 'नामंजूर' लिहिलं आणि शिक्का मारला, तितकाच नीट. चौथीच्या बाईंनी दार उघडून दोघींना सांगितलं की दप्तरं उचला आणि कपाटापुढच्या बाकावर जा. शिडीनं पळताना दोन पेन्सिली पाडल्या आणि टिल्लीनं त्या उचलल्या. लॅम्प परत मिळाल्याची सही माझ्याकडून घेतली गेली. टिल्लीच्याच वहीत, त्याच दोन सह्यांच्या खाली.

घरी येताना मी चांगलाच खुशीत होतो. बायकोला म्हणालोसुद्धा की शेवटी काम ऑफिसच्या अनुभवानंच झालं. ती म्हणाली, हो, बिघडलंही त्यानंच. पण ती हसत होती, त्यामुळे मी ते कौतुकात धरलं.

संध्याकाळी मी नव्या लॅम्पच्या उजेडात पेपर वाचत बसलो होतो. टिल्ली आली. तिच्या एका हातात वही होती आणि दुसऱ्या हातात पाकीट. पाकीट तिनं माझ्या हातात दिलं आणि समोर उभी राहिली. आत आखीव पानावर, एक काना इकडचा तिकडे न होता, लिहिलं होतं :

'प्रति, बाबा.

विषय : यापुढे माझ्या शाळेच्या कामात न पडणेबाबत.

उपरोक्त विषयी सकारात्मक निर्णय घ्यावा, ही विनंती.

सोबत : काही नाही.

प्रत माहितीसाठी : आई.'

मी वर पाहिलं. आईची प्रत आधीच पोचली होती, कारण मला आलेल्या या पत्राच्या कोपऱ्यात बायकोच्या अक्षरात शेरा होता, 'मंजूर', आणि खाली तारीख. टिल्लीनं वही पुढे केली. सही मिळाल्याशिवाय ती जागची हलणार नव्हती, तसं तिला मीच शिकवलं होतं. मी निमूटपणे पोच दिली.