बारा किलो बिया आणि एक पाटी

आमच्या प्रयोगशाळेत माझ्याइतका टापटीप माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायला तोंड राहणार नाही.

महोगनीच्या बियांत एक कमालीचं कडू द्रव्य असतं. झाड ते किड्यांना पळवायला बनवतं आणि मी सात वर्षं ते बाहेर काढत होतो. मुलगी दुसरीत गेली, बाबा मात्र अजून कॉलेजातच, असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. पण यंदा बारा किलो बिया दळून, भिजवून, गाळून शेवटी अठरा मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य हाती आलं. सोमवारी तपासणी, महिनाअखेरीला माझे मार्गदर्शक सर निवृत्त व्हायच्या आत प्रबंध सादर, की झालो मी डॉक्टर!

शनिवारी द्रावक उडवून फ्लास्क टेबलावर ठेवला. अठरा मिलिग्रॅम म्हणजे तळाला नुसती झिलई, फ्लास्क उजेडात तिरका धरला तरच दिसणारी.

सोमवारी आलो तर फ्लास्क उपडा, लखलखीत वाळत होता.

भांडी धुणाऱ्या मामांना विचारलं, "हा कोणी धुतला?"

"मी. सकाळीच. रिकामा होता की."

"मामा, त्यात माझी सात वर्षं होती."

मामांनी फ्लास्क डोळ्यांजवळ नेला. "दिसली नाहीत, साहेब." मग भिंतीकडे बोट केलं. तिथे पाटी होती, 'रिकामी भांडी दिसताक्षणी धुवावीत.' इतरांच्या घाणीला वैतागून मीच लावलेली, खाली माझीच सही.

एक आशा होती. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही.

"नुसत्या साबणानं धुतलात ना?"

"त्यानं चिकटपणा जाईना. मग तुम्ही शिकवलं तसं अ‍ॅसिटोन फिरवलं. तीनदा."

"आणि ते कुठे ओतलं?"

"टाकाऊच्या कॅनमध्ये. कॅन मघाशी गाडीवाले घेऊन गेले. पाटीची दुसरी ओळ वाचा, 'टाकाऊ द्रव साठवू नये, पहिल्या गाडीनं पाठवावा.'"

मामांना माझी दया आली. त्यांनी मला चहा दिला, स्वतः अंगठ्यानं बिस्किट मोडून तुकडा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. "आज जे हातात घेतो ते कडू लागतंय. दोनदा हात धुतले तरी."

मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिलो. जगात उरलेलं माझं सगळं संशोधन त्या अंगठ्यावर होतं. खोटं कशाला बोलू, तो अ‍ॅसिटोनमध्ये बुडवायचा विचार माझ्या मनात येऊन गेला.

सरांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"बिया किती उरल्यात?"

"मूठभर."

"आणि माझे दिवस?"

"एकोणीस."

"मग आता नवे मार्गदर्शक शोधा. मी पत्र देतो."

तेवढ्यात बायकोचा फोन. "झाली का तपासणी?" मी म्हटलं, "मुलगी चौथीत जाईपर्यंत थांब." पलीकडून फक्त सुस्कारा आला. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी सरांचं पत्र हाती आलं. राहवेना, जिन्यातच उघडलं. दोनच ओळी होत्या.

'विद्यार्थी अत्यंत स्वच्छ काम करतो. सोबत त्याची पाटी येईल, ती भिंतीवर लावू देऊ नये.'