सगळ्यात महाग सायकल

छापखान्याकडे जाणारी बस बंद झाली आणि त्याच आठवड्यात छापखान्यात माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरने त्याचा एवढाच अर्थ काढला की आता उशीर परवडणार नाही. सायकल घ्यायची, आणि घ्यायची तर दुकानातली सगळ्यात महाग.

"माझ्यासारखी जुनी घ्या, भावजी," त्याच खात्यात काम करणारा मेहुणा म्हणाला. "खडखडते, पण पोचवते."

"तुझा आधी आवाज येतो, मग तू येतोस. स्वस्त वस्तू ऐन वेळी दगा देते. इथे पोटाचा प्रश्न आहे."

बायकोने साठवलेले पैसे कपाटातून काढून दिले. ऑपरेशनच्या कागदावर सही करताना नातेवाइकांचा होतो, तसा तिचा चेहरा झाला होता.

सायकल घरी आली. बायकोने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"स्टँड, कॅरियर, मडगार्ड मागाहून येणार का?"

"नाही. वजन वाढतं म्हणून देतच नाहीत. महागातल्या सायकली अशाच असतात."

"म्हणजे जे नाही त्याचे पैसे?"

पहिल्याच दिवशी मडगार्ड नसल्याने बाइंडरच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा उमटला. दुसऱ्या दिवशी स्टँड नसल्याने भिंतीला टेकवलेली सायकल घसरली आणि मॅनेजरच्या स्कूटरचा आरसा घेऊन पडली. मग तो ती थेट खात्यातच आणू लागला. कोणी हात लावेल या धास्तीने त्याचा एक डोळा सायकलवर आणि एकच कामावर राहिला. परिणामी शब्दकोशाचा एक गठ्ठा उलटा शिवला गेला.

त्यानंतर चाक पंक्चर झालं. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्या उंची चाकाला लागेचना. "हिच्या दुकानातच न्या," तो हळहळत म्हणाला. बाइंडर सायकल ढकलत निघाला. मागून खडखडाट आला.

"बसा मागे, भावजी!"

"आणि हिला काय रस्त्यावर सोडू?"

मेहुणा वेळेवर पोचला. बाइंडर दुकानातून पंक्चर काढून, घामाघूम होऊन पोचला, तेव्हा मॅनेजरने त्याला आत बोलावलं.

"साहेब, आज पंक्चर झालं. परत उशीर होणार नाही."

"उशिराचं सोडा हो. तुमच्या खात्यातला एक माणूस कमी करायचाय. काम तुमचं मेहुण्यापेक्षा सरस आहे, खोटं कशाला बोलू? पण नोकरी गेली तर ज्याची चूल विझेल, त्याला ठेवावं असं माझ्या मनात होतं. कोणाची विझेल, तेच कळत नव्हतं." मॅनेजरने काचेतून बाहेर खात्यात टेकवलेल्या सायकलकडे पाहिलं. "मग ही दिसली."

"साहेब, ती तर..."

"लाजता कशाला? चांगलं चाललंय तुमचं. मनावरचं ओझं उतरलं माझ्या."

बाइंडरने आपली सुई, दाभण आणि डबा पिशवीत भरला. मेहुणा मान खाली घालून कागद मोजत राहिला.

भर दुपारी रस्ता मोकळा होता. वारा पाठीशी होता. सायकल कुरकुर न करता, पायावर ताण न आणता, चढावरही अशी सरसर निघाली की घर कधी आलं ते त्याला कळलंच नाही.

बायकोने दार उघडलं.

"अगं बाई, इतक्या लवकर?"

बाइंडरने कपाळ पुसलं.

"सायकल खरंच चांगली आहे," तो म्हणाला.