रोझमेरीची बंदूक

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगतो. परवा शुक्रवारी बारमध्ये तळलेले मासे खाताना सांगितलं, तेव्हाही कोणी ठेवला नाही. तरी जसं सांगितलं तसंच लिहितो.

चाळीस वर्षं मी हरणाच्या शिकारीला तीनशे मॅग्नम वापरली. ती बंदूक पुढे हरीण मारते आणि मागे मालकाला. उत्तर विस्कॉन्सिनात मला 'तोफ वेंडेल' म्हणतात ते उगाच नाही. पण तीन वर्षांपूर्वी उजव्या खांद्याचा सांधा बदलला आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता एक जरी लाथ बसली तर नवा सांधा तुमच्या हातात काढून देईन."

म्हणजे हलक्या धक्क्याच्या काडतुसाची नवी बंदूक घ्यायला हवी. त्यात अडचण होती ती आमच्या शिकारी कॅम्पची. आदल्या वर्षी हार्लन बिचारा मवाळ बंदूक घेऊन आला, तर कॅम्पप्रमुख नॉर्बर्टने त्याला आठ दिवस गळ्यात लाळेरं बांधून जेवायला बसवला. सत्तरीच्या तोफेच्या गळ्यात लाळेरं? मेलो तरी चालेल!

म्हणून रोलंडच्या बंदुकांच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, "नातीसाठी हवीय."

मला नात नाही. मुलगा वीस वर्षं ॲरिझोनात, त्याला दोन मुलगे. पण हे इथे कोणाला ठाऊक?

"वय?" रोलंडने विचारलं.

"चौदा."

"वजन?"

गडबडीत माझंच सांगितलं. "दोनशे तीस पौंड."

"अंगाने बरी आहे म्हणायची."

"आजीवर गेलीय."

"खांदा कसा आहे तिचा?"

"उजवा दुखतो. थंडीत जास्त."

रोलंडने चष्म्यावरून बघितलं आणि दोन बंदुकींची काडतुसं काउंटरवर उभी केली. "ही दोन-त्रेचाळीस. धक्का एवढाच, की कोणी खांद्यावर हात ठेवून 'बरं आहे ना?' विचारावं. पण गोळी हलकी, नेम चोख असावा लागतो. ही सात-शून्य-आठ. जरा रेटते, पण थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावून नेते. पोरीचा नेम कसा आहे?"

"मी शिकवलाय."

"मग सात-शून्य-आठच घे."

अपमान गिळून बंदूक गाडीत टाकली. मी घरी पोचायच्या आत बातमी नॉर्बर्टच्या घरी पोचली होती.

एकसष्ट वर्षांत आमच्या कॅम्पात मुलगी आलेली नाही. नॉर्बर्टला चार मुलगे. म्हातारा असा पाझरला म्हणता, की एका बिछान्याला फुलाफुलांचा पडदा लावला, बाहेरच्या संडासाला तीस वर्षांत पहिल्यांदा कडी बसवली आणि शिव्यांना बंदी केली. बंदीनंतर दोन दिवस कॅम्पात कोणी बोललंच नाही. हार्लनने तर दाढी केली, आणि त्याला हनुवटी नाही हे सगळ्यांना कळलं.

शिकारीच्या आदल्या संध्याकाळी मी एकटाच कॅम्पच्या दारात उभा.

"पोर कुठाय?" नॉर्बर्टने माझ्या मागे वाकून बघितलं.

"गालगुंड झालंय. म्हणाली, आजोबा, माझी बंदूक घेऊन जा. माझ्यातर्फे तुम्हीच मारा."

नॉर्बर्टने नाक शिंकरलं. हार्लन पाठ फिरवून खिडकीतून बाहेर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोर नर आला. शिंगांना चौदा टोकं. अंतर तीनशे पावलं, आडवा वारा, डोळ्यांत बर्फ. चाप ओढला. खांद्याला एवढंसं काही लागलं, मला वाटलं झाडावरून खार पडली. समोर बघतो तर नर जागच्या जागी बसलेला. चाळीस वर्षांत तोफेने असा मारला नव्हता.

कॅम्पात चुलीशेजारी एक लाकडी फळी आहे. दर वर्षी सगळ्यात मोठा नर मारणाऱ्याचं नाव तापल्या सळईने तिच्यावर कोरतात. माझं नाव चाळीस वर्षांत एकदाही लागलं नव्हतं. नॉर्बर्टने सळई लाल केली आणि म्हणाला, "बंदूक पोरीची, मान पोरीचा. नाव काय तिचं?"

नाव मी ठरवलंच नव्हतं. समोर मसाल्याच्या बाटल्या होत्या. पहिलीवरचं वाचलं. "रोझमेरी."

सळई चर्र करून लाकडात शिरली. आयुष्यातला सगळ्यात मोठा नर एका मसाल्याच्या नावावर गेला.

पण मंडळी, माणूस शेवटी सत्याचाच असतो. मी उठलो, टोपी काढली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "नातबीत काही नाही. खांदा माझा, बंदूक माझी, नर माझा. बांधा लाळेरं." मग नॉर्बर्टने मला मिठी मारली, स्वतःच्या हाताने ते नाव तासून काढलं आणि तिथे माझं कोरलं.

"कधी?"

आवाज माझ्या पाठीमागून आला. नॉर्बर्ट बारमध्ये कधी शिरला, मला कळलंच नव्हतं. हातातली बिअर त्याने हळूच माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"फळीवर अजून रोझमेरीच आहे, वेंडेल. दर नाताळला मी तुझ्या पत्त्यावर तिला कार्ड पाठवतो. तीन वर्षं झाली, उत्तरही न चुकता येतं." तो खुर्ची ओढून माझ्या समोर बसला. "आणि प्रत्येक पत्रात पोरगी एकच लिहिते, की माझ्या आजोबांसारखा नेमबाज अख्ख्या विस्कॉन्सिनात नाही."