रामरावांच्या मिशीपायी चांदी बकरीवर झालेल्या स्वारीची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. शके अठराशे चौऱ्याऐंशी, शुभकृत नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, धाडजवळील एका मौज्यात जे रणकंदन जाहले आणि ज्यात एकही माणूस पडला नाही परंतु दूध बहुत नासले, त्याची हकीकत कानी आली तैसी लिहिली असे. बकरीची जबानी घेता आली नाही, हे आरंभीच कबूल.

राजमान्य राजश्री रामराव सरपंच यांची मिशी एके काळी काळीभोर. परंतु पंचायतीचा कारभार करता करता पांढरी जाहली. आणि येत्या सोमवारी पंचायतीचा फोटो निघावयाचा, मग तो कचेरीत टांगावयाचा, मग पतवंडांनी पांढरीच मिशी पाहावी काय, या फिकिरीने खासा स्वारी धाडच्या बाजारी गेली आणि खिजाबाची, म्हणजे केस काळे करावयाच्या कलपाची, एक शिशी जिंकून आणिली. विकणारा शपथपूर्वक बोलिला की माल जालीम आहे. त्याची स्वतःची दाढी पांढरी होती, हे गावी परतल्यावर ध्यानी आले.

शिशीचे बूच उघडिताच ओसरीवरच्या माशा मुलूख सोडून गेल्या. तेव्हा मसलत पडली की आधी लावून पाहावे कोणास? पदरचा शिलेदार कडूबा हाजिर होता, परंतु बापाच्या दशक्रियेत त्याची मिशी उतरलेली, सबब निरुपयोगी. मग त्यानेच अर्ज केला, "गोजरबाईच्या चांदीले लावून पाहू. तिले दाढी हाय, आन तिले फोटोत बी बसाचं नाई."

चांदी म्हणजे गोजरबाईची एकुलती बकरी, पांढरीशुभ्र, दोन करडांची आई. तिच्याच दुधावर त्या एकट्या बाईची चूल चाले. दोन प्रहरी फौजेने, म्हणजे कडूबा आणि एक दोरी यांनी, अंगणास वेढा दिला. गोजरबाई उलथणे परजून दारी उभी राहिली आणि गर्जली, "तुह्या धन्याच्या मिशीपायी माह्या बकरीची चामडी जाळतं काय बे?"

मग खासे रामराव चालून आले आणि नरमाईने बोलिले, "बाई, एकच थेंब. मेली तं नवी घेऊन देतो."

"आन चामडी जळते हे बकरी न मारता दाखोलं, तं?"

"तं सोडली तुही बकरी."

तेव्हा गोजरबाईने फर्माविले की दुधावर धरते ती साय म्हणजे दुधाची चामडीच. सबब तापविलेल्या दुधाच्या दोन वाट्या मांडाव्या, एकीत शिशीतला खिजाब आणि दुसरीत नुसते पाणी, थेंबास थेंब टाकावा, आणि साय सुखरूप राहिल्यास बकरी न्यावी. खिजाब पडला मात्र, आणि देवीची लस टोचणारा आला ऐकून शाळा आकसते तैसी साय आकसली, आणि मग खालचे दूध काळेठिक्कर होऊन फाटले. पाण्याची वाटी जागची हालली नाही.

कडूबा हटेना. त्याने फिर्याद मांडिली की दूध चांदीचेच, आणि चांदी या खटल्यात पक्षकार, सबब तिने मुद्दाम नासके दूध दिले.

"मंग दुसऱ्या वाटीतलं काऊन नाई फाटलं बे?"

परंतु रामरावांची न्यायबुद्धी थोर. त्यांनी हुकूम केला की आमच्या म्हशीचे दूध आणावे, तिला या खटल्यात काडीचे सोयरसुतक नाही. दूध आले, तापले, आणि खिजाब पडताच तेही फाटले, आणि वाटीची कल्हईसुद्धा उतरली. तेव्हा रामरावांचा हात आपसूक मिशीवर गेला, जैसा बाप तापल्या लेकराच्या कपाळी ठेवितो, आणि स्वारी बोलिली, "सोड बे दोरी."

मग तह जाहला. शिशी उकिरड्यापलीकडे खोल पुरिली आणि वर जात्याची तळी ठेविली. बाजारातून येणारा हरएक साबण, पावडर वा खिजाब आधी सायीपुढे रुजू करावा आणि मग माणसाने लावावा, ऐसी वहिवाट पडली. आणि चांदीस या कामातून वंशपरंपरेने माफी मिळाली. कडूबाच्या फोटोविषयीच्या बोलाची भरपाई म्हणून गोजरबाईने आणखी एक कलम घातले, तेही मंजूर जाहले.

सोमवारी फोटो निघाला. त्यात सात पंच, आणि मधोमध रामराव आणि चांदी शेजारी शेजारी. मिशी पांढरी राहिली, दाढी पांढरी राहिली. फोटो जरा हालल्यामुळे कोणती कोणाची हे नीट उमगत नाही, सबब दोन्ही पक्षांची फत्ते जाहली, ऐसे दप्तरी दाखल केले असे.